परिचालन प्रणालीचा परवाना : हस्तांतरणाचा इतिहास

संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर चालणाऱ्या उपयोजन आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून स्मृती, प्रक्रियक, चकत्या, मुद्रक इ. साधनांचे नियंत्रण करणाऱ्या आज्ञावल्यांच्या समूहास परिचालन प्रणाली म्हणतात. ही प्रणाली वापरण्यासाठी प्रताधिकारधारकाने वापरणाऱ्यास दिलेली सशर्त परवानगी म्हणजे तिचा परवाना होय. जुना संगणक मोडीत काढून नवा घेतला असता, पूर्वी पैसे देऊन घेतलेली प्रणाली नव्या यंत्रावर नेता येते काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि त्याचे उत्तर वापरणाऱ्याने मुळात काय विकत घेतले होते, यावर अवलंबून असते. प्रणालीची प्रत ही त्याच्या मालकीची वस्तू असेल, तर ती दुसऱ्या यंत्रावर नेण्यास किंवा विकून टाकण्यास तो मोकळा असतो. त्यास केवळ परवानगी मिळालेली असेल, तर त्या परवानगीच्या अटी त्यास बांधून ठेवतात. वापरणारा हा मालक की कूळ, असे या वादाचे स्वरूप आहे. १९६९ नंतरच्या सु. अर्धशतकात हा वाद प्रथम करारांच्या मसुद्यांत, नंतर न्यायालयांत आणि शेवटी खुद्द यंत्राच्या रचनेत लढला गेला.

या विषयात तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक असते. प्रताधिकार हा निर्मात्याचा कायदेशीर हक्क होय; प्रत ही चकतीवर वा यंत्राच्या स्मृतीत असलेली मूर्त नक्कल होय; परवाना हा त्या प्रतीच्या वापराविषयीचा करार होय. हस्तांतरणाचेही तीन प्रकार पडतात : एकाच व्यक्तीने परवाना एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे, यंत्र व त्यावरील परवाना दोन्ही दुसऱ्या व्यक्तीस देणे, आणि यंत्राविना केवळ परवाना दुसऱ्यास विकणे. पुढील इतिहासात या तिन्ही प्रकारांविषयी वेळोवेळी वेगवेगळे नियम झालेले आढळतात.

आरंभकाळ : पहिल्या इलेक्ट्रॉनीय संगणकांना परिचालन प्रणाली नव्हती. प्रत्येक काम माणसाने हाताने यंत्रात भरावे लागे आणि दोन कामांच्या मध्ये महागडे यंत्र रिकामे राही. हा अपव्यय टाळण्यासाठी जनरल मोटर्सची संशोधन शाखा व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही विमाननिर्मिती करणारी कंपनी यांनी मिळून १९५६ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी एक प्रणाली तयार केली. कामे एकामागून एक आपोआप यंत्रात घेणाऱ्या आद्य प्रणालींत तिची गणना होते. ती यंत्रनिर्मात्याने नव्हे, तर ग्राहकांनी लिहिली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘शेअर’ या आयबीएमच्या ग्राहकांच्या संघटनेत आज्ञावल्यांची अशी देवघेव विनामूल्य चाले.

त्या काळी संगणक बहुधा भाड्याने दिले जात. २५ जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायालयाने दिलेल्या संमति-हुकूमनाम्यान्वये आयबीएमला आपली यंत्रे भाड्याबरोबरच विक्रीनेही देणे भाग पडले. त्यामुळे वापरलेल्या संगणकांच्या खरेदी-विक्रीस वाव मिळाला. मात्र यंत्र हस्तांतरित झाले, तरी प्रणालीच्या परवान्याचा वेगळा प्रश्न उद्भवत नसे. कारण प्रणालीला स्वतंत्र किंमतच नव्हती. यंत्राच्या भाड्यात वा किमतीत ती अंतर्भूत असे. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेची विस्तीर्ण परिचालन प्रणालीही याच रीतीने दिली गेली.

पृथक् मूल्य व नियुक्त यंत्र : १७ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने आयबीएमविरुद्ध मक्तेदारीविषयक दावा दाखल केला. त्याच वर्षी २३ जून रोजी या कंपनीने यंत्रे, आज्ञावल्या, प्रशिक्षण व सेवा यांचे मूल्य वेगवेगळे आकारण्याचे जाहीर केले आणि यंत्रांच्या किमती सु. ३ टक्क्यांनी कमी केल्या. मूळ परिचालन प्रणाली त्यानंतरही काही वर्षे वेगळ्या आकाराविना मिळत राहिली. याचा एक परिणाम असा झाला की, सिस्टिम/३६० चा एक प्रमुख रचनाकार जीन अ‍ॅमडाल याने स्वतंत्र कंपनी काढून १९७५ पासून जी सुसंगत यंत्रे विकली, त्यांवर ग्राहक आयबीएमचीच प्रणाली चालवू शकले. स्पर्धकाच्या यंत्रावर आपली प्रणाली चालावी, ही स्थिती आयबीएमला परवडण्याजोगी नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिने प्रणालीच्या सुधारित भागांना क्रमाक्रमाने मूल्य व परवाना लावण्यास प्रारंभ केला.

पृथक् मूल्य आकारलेल्या आज्ञावल्यांसाठी जे करार झाले, त्यांत ‘नियुक्त यंत्र’ ही संकल्पना रूढ झाली. परवाना कंपनीच्या नावे असला, तरी तो विशिष्ट यंत्रापुरता मर्यादित असे. ते यंत्र नादुरुस्त असेपर्यंत दुसऱ्या यंत्रावर तात्पुरता वापर करण्याची मुभा आयबीएमच्या करारात होती. परंतु यंत्र कायमचे बदलावयाचे झाल्यास तशी नोंद करून घ्यावी लागे. यंत्रांची संख्या मर्यादित आणि प्रत्येक ग्राहक विक्रेत्याच्या परिचयाचा असल्यामुळे अशा अटींची अंमलबजावणी कागदोपत्री होऊ शके.

युनिक्स प्रणालीच्या बाबतीत या अटीतील विसंगती स्पष्ट झाली. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ (एटी अँड टी) या कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडविली. १९७३ मध्ये ती मुख्यत्वे सी या उच्चस्तरीय भाषेत पुन्हा लिहिली गेल्यामुळे निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर नेण्यास ती इतर प्रणालींपेक्षा सोपी होती. १९५६ च्या हुकूमनाम्याने दूरध्वनिसेवेखेरीज अन्य व्यवसाय करण्यास मनाई असल्यामुळे या कंपनीने ती विद्यापीठांना अल्प शुल्कात दिली; मात्र परवान्यात ज्या प्रक्रियकावर ती वापरावयाची, त्याची नोंद असे. तंत्रदृष्ट्या जी प्रणाली कोणत्याही यंत्रावर नेता येत होती, ती कायद्याच्या दृष्टीने एका नियुक्त यंत्राशी बांधलेली राहिली. १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीचे विभाजन होऊन व्यापारी निर्बंध उठले आणि युनिक्सचे परवाने महाग झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्कली येथे विकसित केलेली आवृत्ती या परवान्यापासून मुक्त करण्याच्या प्रयत्नांतून १९९२ मध्ये न्यायालयीन वाद उद्भवला व तो १९९४ मध्ये तडजोडीने मिटला.

सूक्ष्मसंगणकांचा काळ : १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान व स्वस्त संगणक आल्यावर परिस्थिती पालटली. ग्राहक हजारोंनी, नंतर लाखोंनी वाढले आणि विक्रेत्यास ते अपरिचित झाले. गॅरी किल्डॉल याने १९७४ मध्ये तयार केलेली सीपी/एम ही प्रणाली अनेक निर्मात्यांच्या यंत्रांवर चाले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत सहा बाइटांचा अनुक्रमांक असे. प्रणालीचे निरनिराळे भाग हा अनुक्रमांक ताडून पाहात आणि तो न जुळल्यास काम थांबवीत. एका प्रतीचे भाग दुसऱ्या प्रतीत मिसळू नयेत, एवढीच ही व्यवस्था होती. फ्लॉपी चकतीची संपूर्ण नक्कल करून ती दुसऱ्या यंत्रावर चालविण्यास तिने अडथळा येत नसे. परवान्याची अट आणि यंत्राचे वर्तन यांत त्या वेळी मोठे अंतर होते, ते असे.

परवाना ही किती मौल्यवान मालमत्ता होऊ शकते, हे एमएस-डॉसच्या इतिहासावरून दिसून येते. सिअ‍ॅटल कॉम्प्यूटर प्रॉडक्ट्स या लहान कंपनीतील टिम पॅटरसन याने १९८० मध्ये ८६-डॉस ही प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलै १९८१ मध्ये तिचे हक्क विकत घेतले आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती बाजारात आली. विक्रीच्या करारान्वये मूळ कंपनीस आपल्या यंत्रांबरोबर ही प्रणाली स्वामित्वधन न देता विकण्याची मुभा राहिली होती. पुढे ती कंपनी अडचणीत आली, तेव्हा तिच्याजवळ सर्वांत मोलाची वस्तू ही मुभाच होती. ती दुसऱ्यास देता येते की नाही, यावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला. दावा दाखल झाल्यानंतर १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ९,२५,००० डॉलर देऊन तो आपसांत मिटविला. परवाना हस्तांतरणीय आहे काय, या प्रश्नावर न्यायालयाचा निर्णय होण्याची वेळ आली नाही.

परिचालन प्रणालीस प्रताधिकाराचे संरक्षण आहे किंवा कसे, याविषयी प्रारंभी शंका होती. प्रणाली ही वाचावयाची कृती नसून यंत्राचाच एक भाग आहे, असा युक्तिवाद केला जाई. अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अमेरिकेच्या तिसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८३ मध्ये तो फेटाळला आणि यंत्राच्या स्थिर स्मृतीत कोरलेल्या परिचालन प्रणालीसही प्रताधिकार लागू असल्याचे ठरविले. [⟶ प्रताधिकार].

निर्मात्यामार्फत दिलेला परवाना : वैयक्तिक संगणकाच्या व्यापारात प्रणाली दोन वाटांनी ग्राहकापर्यंत पोहोचू लागली. किरकोळ विक्रीत ती वेगळ्या वेष्टनात मिळे व तिची किंमत अधिक असे. दुसऱ्या वाटेने संगणकाचा निर्माता ती घाऊक दराने घेऊन यंत्रावर आधीच बसवून देई. हा दुसरा परवाना पुष्कळ स्वस्त असे, परंतु तो ज्या यंत्राबरोबर आला त्या यंत्राबरोबरच संपे. यंत्र दुसऱ्यास विकल्यास परवाना त्यासोबत जाई; यंत्रापासून तो वेगळा मात्र काढता येत नसे. बहुसंख्य ग्राहकांचा परवाना या दुसऱ्या प्रकारचा असे आणि नवे यंत्र घेण्याची वेळ येईपर्यंत त्यांना हा भेद क्वचितच माहीत असे.

मायक्रोसॉफ्टच्या काही करारांत निर्मात्याने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यावर तिची प्रणाली असो वा नसो, शुल्क द्यावे असे ठरलेले असे. ज्याच्याजवळ पूर्वीची प्रत होती, त्या ग्राहकावरही नव्या यंत्राच्या किमतीतून त्याच प्रणालीचा भार पुन्हा पडे. जुलै १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीने या ‘प्रतिप्रक्रियक’ परवान्यांचा अंत झाला. न्यायालयाने या तडजोडीस १९९५ मध्ये मान्यता दिली. तथापि नवे यंत्र प्रणालीसह विकण्याची प्रथा तशीच राहिली.

परवाना निर्मात्याच्या यंत्राशी बांधण्याचे टोकाचे उदाहरण अ‍ॅपल कंपनीचे होय. तिची प्रणाली केवळ तिच्याच नाममुद्रेच्या यंत्रांवर चालविण्याची अट परवान्यात असते. सायस्टार या कंपनीने ही प्रणाली विकत घेऊन अन्य यंत्रांवर बसवून विकली. तेव्हा नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये अ‍ॅपलच्या बाजूने निर्णय देऊन ही अट प्रताधिकाराचा दुरुपयोग ठरत नसल्याचे म्हटले.

कायद्यातील तीन शब्द : वस्तूची एकदा विक्री झाल्यावर तिच्या पुनर्विक्रीवर निर्मात्याचे नियंत्रण राहात नाही, हे तत्त्व संगणकाहून जुने आहे. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचा खटला आला होता. एक डॉलरहून कमी किमतीस पुस्तक विकू नये, अशी सूचना प्रकाशकाने छापली असता दुकानदाराने ते ८९ सेंटांस विकले. प्रथम विक्रीनंतर अशी अट घालण्याचा हक्क प्रताधिकारातून मिळत नाही, असे न्यायालयाने ठरविले. संगणकाच्या बाबतीत अडचण अशी की, पुस्तक वाचताना त्याची नक्कल होत नाही, परंतु आज्ञावली चालविताना तिची नक्कल यंत्राच्या स्मृतीत होतेच. त्यामुळे केवळ वापर करण्यासाठीही नक्कल करण्याच्या हक्काची आवश्यकता भासते.

ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेत नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७८ च्या अहवालात अशी शिफारस केली की, प्रतीचा ‘हक्काचा धारक’ असेल त्यास वापरासाठी आवश्यक ती नक्कल करण्याची मोकळीक असावी. १९८० मध्ये कायदा करताना संसदेने हे शब्द बदलून तेथे प्रतीचा ‘मालक’ असा शब्द घातला. या एका शब्दाचे परिणाम दूरगामी ठरले. वापरणारा मालक नसून परवानाधारक आहे, असे करारात लिहिताच कायद्याने दिलेली मोकळीक त्यास लागू होईनाशी झाली. एमएआय विरुद्ध पीक या १९९३ च्या खटल्यात संगणकांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीने ग्राहकाचे यंत्र केवळ चालू केले असता परिचालन प्रणालीची स्मृतीत झालेली नक्कलही प्रताधिकाराचा भंग ठरली, कारण ग्राहक हे प्रतीचे मालक नव्हते. दुरुस्तीच्या व्यवसायावर आलेले हे संकट दूर करण्यासाठी १९९८ मध्ये कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. परवाना व विक्री यांतील भेद कसा ओळखावा, याची कसोटी नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या २०१० च्या खटल्यात सांगितली : व्यवहारास परवाना म्हटलेले असणे, हस्तांतरणावर मोठे निर्बंध असणे आणि वापरावर लक्षणीय बंधने असणे. हा खटला आराखडे काढण्याच्या आज्ञावलीविषयी असला, तरी परिचालन प्रणालींचे बहुतेक करार या कसोटीस उतरतात. या निर्णयामुळे हस्तांतरणास मनाई करणारी अट हीच ती मनाई वैध असल्याचा एक पुरावा ठरली, अशी टीका त्यावर झाली.

यूरोपने वेगळा मार्ग अनुसरला. १९९१ च्या यूरोपीय निदेशात ‘कायदेशीर संपादक’ हा शब्द वापरला असून प्रतीच्या प्रथम विक्रीबरोबर तिच्या वितरणाचा हक्क संपतो, असे त्यात म्हटले आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी असा निर्णय दिला की, यंत्राबरोबरच विकावी अशी अट घालून दिलेली प्रणालीची प्रत एकदा बाजारात आल्यावर ती यंत्राविना विकण्यास प्रताधिकाराच्या आधारे प्रतिबंध करता येत नाही. ३ जुलै २०१२ रोजी यूरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात हेच तत्त्व महाजालकावरून उतरवून घेतलेल्या प्रतींना लागू केले. मुदतीविना दिलेला परवाना ही विक्रीच होय, असे त्यात म्हटले असून पुनर्विक्री करणाऱ्याने स्वतःजवळची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, अशी अटही घातली आहे. अनेक वापरकर्त्यांसाठी एकत्र घेतलेला परवाना तोडून त्यातील शिल्लक भाग विकण्यास मात्र मुभा नाही. मूळ चकती खराब झाली वा हरवली, तरी तिची राखीव नक्कल हक्कधारकाच्या संमतीविना विकता येत नाही, असा खुलासा त्याच न्यायालयाने लॅटव्हियातील एका खटल्यात २०१६ मध्ये केला.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावल्यांचा अंतर्भाव साहित्यकृतींत करण्यात आला. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून अंमलात आली, प्रतीच्या ‘कायदेशीर कब्जेदारास’ ज्या कारणासाठी ती पुरविली त्या कारणासाठी वापरण्याकरिता, तसेच नाश वा हानी यांपासून तात्पुरता बचाव म्हणून नक्कल करण्याची मोकळीक मिळाली. येथे मालकी सिद्ध करावी लागत नाही; कायदेशीर कब्जा पुरतो. अमेरिकन आयोगाने सुचविलेल्या आणि तेथील संसदेने गाळलेल्या कल्पनेशी हा शब्द जवळचा आहे. याच दुरुस्तीने आज्ञावलीची प्रत पूर्वी विकली गेली असली, तरी ती पुन्हा विकण्याचा हक्क प्रताधिकारधारकाकडे ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीत ‘पूर्वी विकली असली तरी’ या अर्थाचे शब्द वगळण्यात आले.

यांखेरीज कराच्या खटल्यांतूनही या विषयावर प्रकाश पडला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी चकतीवरील तयार आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ असल्याचे ठरविले. २ मार्च २०२१ रोजी एंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीच्या अपिलात त्याच न्यायालयाने, परदेशी निर्मात्यास आज्ञावलीसाठी दिलेली रक्कम हे प्रताधिकाराच्या वापराचे स्वामित्वधन नसून मालाची किंमत होय, असा निर्णय दिला. हे दोन्ही निर्णय करविषयक असल्यामुळे परवान्याच्या हस्तांतरणावरील अटींचा निवाडा त्यांत झालेला नाही. तथापि करारात काहीही नाव दिले, तरी व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, हा त्यांतील दृष्टिकोन या वादास उपयुक्त आहे.

सक्रियीकरण : न्यायालयांत हा वाद चालू असतानाच त्याचे व्यावहारिक उत्तर यंत्रातच बसविले गेले. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीत मायक्रोसॉफ्टने सक्रियीकरणाची योजना केली. ग्राहकाने २५ अक्षरांची किल्ली भरल्यावर प्रणाली यंत्रातील दहा घटकांची—प्रक्रियक, स्मृतीचे प्रमाण, चकती, जालक-पट्ट, दृश्य-पट्ट इत्यादींची—पाहणी करून त्यांपासून एक संक्षिप्त अंक तयार करी. तो अंक व किल्ली यांची जोडी कंपनीकडे नोंदली जाई. नोंदणीसाठी ३० दिवसांची मुदत असे. नंतर यंत्रातील घटक ठराविक मर्यादेपलीकडे बदलले, तर प्रणाली ते यंत्र नवे समजून पुन्हा नोंदणी मागे. मोठ्या निर्मात्यांच्या यंत्रांसाठी निराळी व्यवस्था होती. त्यांत प्रणाली यंत्राच्या मूलभूत स्मृतीतील निर्मात्याची खूण तपासून पाही.

यंत्र कशास म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे व्यवहारात उभा राहिला. स्मृती वाढविली, चकती बदलली, तरी यंत्र तेच राहते, हे सर्वांस मान्य होते. निर्मात्यामार्फत दिलेल्या परवान्याच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने मदरबोर्ड ही यंत्राची ओळख मानली : तो बिघडल्यामुळे बदलला असेल, तर परवाना चालू राहतो, अधिक चांगला हवा म्हणून बदलला असेल, तर ते नवे यंत्र ठरते व परवाना संपतो. एकाच कृतीचा परिणाम अशा रीतीने ग्राहकाच्या हेतूवर अवलंबून ठेवला गेला.

किरकोळ विक्रीच्या परवान्यास हस्तांतरणाची मुभा सामान्यतः होती. ऑक्टोबर २००६ मध्ये विंडोज व्हिस्टा या आगामी प्रणालीच्या अटी जाहीर झाल्या, तेव्हा परवाना दुसऱ्या यंत्रावर फक्त एकदाच नेता येईल, असे त्यांत आढळले. स्वतः यंत्रे जुळविणाऱ्या व वरचेवर सुटे भाग बदलणाऱ्या ग्राहकांनी त्यास तीव्र विरोध केला. २ नोव्हेंबर २००६ रोजी कंपनीने ही अट मागे घेतली आणि जुन्या यंत्रावरील प्रत काढून टाकून ती दुसऱ्या यंत्रावर बसविण्यास मुभा दिली. एकच परवाना दोन यंत्रांत वाटून घेण्यास बंदी कायम राहिली. अटी ग्राहकांच्या दबावाने सैल झाल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. संस्थांना मिळणाऱ्या सामुदायिक परवान्यांस निराळे नियम असतात, उदा., सर्व्हर प्रणालीचा परवाना एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेल्यानंतर सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या आत तो पुन्हा हलविता येत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ पासून निर्मात्यांनी किल्ली यंत्राच्या मूलभूत स्मृतीत साठविण्यास सुरुवात केली. यंत्राच्या पाठीवर चिकटविलेली किल्लीची चिठ्ठी त्यामुळे नाहीशी झाली आणि आपला परवाना कोणता, हे ग्राहकास पाहून सांगणेही कठीण झाले. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये परवाना यंत्राच्या ओळखीशी जोडून कंपनीच्या नोंदवहीत ठेवण्याची पद्धत आली. ऑगस्ट २०१६ च्या सुधारणेनंतर ही नोंद ग्राहकाच्या खात्याशी जोडता येऊ लागली व यंत्राचे घटक बदलल्यावर पुन्हा सक्रियीकरण करणे सुलभ झाले. सोय वाढली, तशी परवान्याची नोंद ग्राहकाच्या हातून जाऊन दात्याच्या हाती एकवटली. चकती, पावती वा चिठ्ठी यांना पूर्वी जे पुराव्याचे मोल होते, ते कमी झाले.

मुक्त प्रणाली : हस्तांतरणाचा प्रश्न मुळातूनच नाहीसा करणारा मार्ग रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने दाखविला. या प्रकल्पासाठी १९८९ मध्ये तयार झालेल्या सर्वसाधारण सार्वजनिक परवान्यात आज्ञावली कितीही यंत्रांवर चालविण्याची, तिची नक्कल करण्याची व दुसऱ्यास देण्याची मुभा असते. फक्त पुढे देताना तीच मुभा घेणाऱ्यास द्यावी लागते. लिनस टॉर्व्हाल्ड्स याने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स हा प्रणालीगाभा १९९२ मध्ये याच परवान्याखाली आला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने लिनक्सवर आधारलेली, मराठीसह भारतीय भाषांत वापरता येणारी ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध केली. अशा प्रणालीच्या बाबतीत जुन्या यंत्रावरून नव्यावर जाताना कोणाचीही अनुमती लागत नाही. मात्र विशिष्ट प्रणालीवरच चालणाऱ्या उपयोजन आज्ञावल्यांची गरज असल्यास हा मार्ग अपुरा पडतो.

जुन्या यंत्रांचा प्रश्न : हा वाद केवळ करारशास्त्राचा नाही. मोठ्या संस्थांनी टाकून दिलेले, पण चालू स्थितीतील संगणक दुरुस्त करून शाळांना व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना देता येतात. त्यांवरील चकती गोपनीयतेसाठी पुसली जाते. अशा वेळी मूळ परवाना सिद्ध करता आला नाही, तर यंत्राच्या उरलेल्या किमतीच्या मानाने नव्या परवान्याचे मूल्य फार होते. मायक्रोसॉफ्टने नोंदणीकृत नूतनीकरण व्यावसायिकांसाठी वेगळ्या अल्प दराच्या परवान्याची योजना केली, ती या अडचणीमुळेच. परवाना यंत्रासोबत जातो, हा नियम अशा ठिकाणी घेणाऱ्याच्या हिताचा ठरतो. तोच नियम नवे यंत्र घेणाऱ्यास जाचक वाटतो.

अलीकडे प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली आहे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ या प्रणालीस विशिष्ट सुरक्षा-घटक व नवे प्रक्रियक आवश्यक ठरविले गेले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. परवाना वैध, यंत्रही चालू, परंतु दोघांचा मेळ बसत नाही, अशी स्थिती पुष्कळ ग्राहकांच्या वाट्यास आली. दुसरीकडे अ‍ॅपलने ऑक्टोबर २०१३ पासून आपल्या यंत्रांसाठीच्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांना वेगळे मूल्य आकारणे बंद केले. यंत्राच्या किमतीतच प्रणाली, ही १९६९ पूर्वीची रीत अशा प्रकारे काही अंशी परत आली. फरक इतकाच की, त्या काळी ग्राहक प्रणालीची संहिता वाचू, बदलू व परस्परांस देऊ शकत असत.

परवाना हस्तांतरणीय आहे काय, याचे एकच उत्तर नाही. अमेरिकेत ते मुख्यतः कराराच्या शब्दांवर, यूरोपात प्रथम विक्रीच्या तत्त्वावर आणि भारतात कायदेशीर कब्जा व करार यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ग्राहक कायद्यापर्यंत पोहोचत नाहीत. प्रणाली नव्या यंत्रावर सक्रिय होते की नाही, यावरच त्यांच्यापुरता निवाडा होतो. कायद्याने मान्य केलेला हक्क यंत्राच्या नकारामुळे वापरता येत नसेल, तर तो कसा मिळवून द्यावा, हा या इतिहासातील अनिर्णित प्रश्न आहे.